बंपरमागच्या बेसप्लेटकडेही लक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये अमेरिकेतल्या मोटरहोम (चाकांवरचे फिरते घर) सहलींवर लेख येऊ लागतात. मार्ग, कॅम्पग्राउंडचे आरक्षण, पाणी आणि वीज यांची माहिती त्यांत चांगली असते. मात्र मोटरहोमच्या मागे स्वतःची छोटी गाडी ओढत नेण्याचा विषय एका वाक्यात आटोपला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि निवृत्तीनंतर मोटरहोम घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे वाक्य अपुरे आहे, कारण सगळ्या व्यवस्थेत चूक झाल्यास सर्वांत महाग पडणारी जागा नेमकी तीच असते. मागच्या गाडीच्या पुढच्या बंपरआड जो पोलादी सांगाडा बसवावा लागतो, त्याला तिथे बेसप्लेट म्हणतात. पत्राचा विषय तोच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. भाड्याच्या मोटरहोमला मागे काहीही जोडायला पुष्कळ कंपन्यांची मनाई असते. त्यामुळे चार आठवड्यांसाठी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना यात पडण्याचे कारण नाही. ज्यांचे मोटरहोम स्वतःचे आहे, त्यांनी मात्र पुढचे जरूर वाचावे.

तीस-पस्तीस फुटी मोटरहोम एकदा कॅम्पग्राउंडवर लावले, नळ आणि वीज जोडली, की दूध आणायलासुद्धा ते हलवणे नकोसे होते. म्हणून छोटी गाडी सोबत नेतात. ती नेण्याच्या तीन पद्धती आहेत. पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवता येते, पुढची दोन चाके डॉलीवर, म्हणजे छोट्या दुचाकी ट्रेलरवर, ठेवून मागची दोन जमिनीवर ठेवता येतात, किंवा चारी चाके जमिनीवर ठेवून गाडी सरळ ओढता येते. ट्रेलर आणि डॉली यांचे स्वतःचे वजन असते आणि कॅम्पग्राउंडवर ती ठेवायला जागा लागते. म्हणून बरेच जण तिसऱ्या पद्धतीकडे वळतात. तिच्यात मोटरहोमच्या हिचमध्ये, म्हणजे मागच्या जोडणीत, टो बार हा ओढदांडा बसतो, त्याचे दोन हात गाडीच्या पुढच्या बाजूला येतात आणि तिथे बेसप्लेटच्या दोन कानांना पिनांनी अडकतात.

गाडीला कारखान्यातूनच पुढे एक कडी येते, मग वेगळी प्लेट कशाला, असे पुष्कळांना वाटते. बंपरवरचे छोटे झाकण काढून जो डोळा आटे फिरवून बसवतात, तो बंद पडलेली गाडी हळू वेगाने थोडे अंतर ओढण्यासाठी किंवा ट्रकवर चढवण्यासाठी असतो. तो एका बाजूला असतो आणि सरळ ओढीसाठीच केलेला असतो. महामार्गावर तासन् तास ओढताना धक्के पुढे, मागे आणि आडवे असे तिन्ही दिशांनी येतात. मोटरहोमने अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) इतका ब्रेक मारला आणि मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक नसला, तर ४,००० पौंडांची, म्हणजे सुमारे १,८०० किलोची गाडी साधारण २,००० पौंडांच्या जोराने बेसप्लेटवर रेटते. तीव्र वळणावर तर जवळजवळ सगळा भार एकाच हातावर येतो. हे सहन करणारी जोडणी गाडीच्या चासीला किंवा युनिबॉडीच्या (वेगळी चासी नसलेल्या सांगाड्याच्या) पुढच्या दोन मुख्य दांड्यांना, दोन्ही बाजूंना, जाड बोल्टांनी धरलेली असली पाहिजे.

प्लेट मागवण्याआधी गाडीचे मॅन्युअल उघडावे. त्यात ‘रिक्रिएशनल टोइंग’ किंवा तशा शीर्षकाचा भाग असतो आणि चारी चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास परवानगी आहे की नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती असली की आतले गिअर फिरतात, पण त्यांना तेल मिळत नाही, आणि शेकडो मैलांत गिअरबॉक्स जळतो. म्हणून ‘न्यूट्रलमध्ये ठेवली की झाले’ हा सल्ला धोक्याचा आहे. जीप रँग्लर यासाठी इतकी लोकप्रिय आहे, कारण तिच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीला) खरा न्यूट्रल असतो. तो लावायचा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पार्कमध्ये ठेवायचा. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर तो गिअरमध्ये ठेवायचा. ग्रँड चिरोकीच्या मागील पिढीत क्वाड्रा-ट्रॅक २ आणि क्वाड्रा-ड्राइव्ह २ या फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारांच्या, लो रेंज (जादा जोराचा गिअर) असलेल्या गाड्या चालतात, क्वाड्रा-ट्रॅक १ चालत नाही. नुसते मॉडेलचे नाव पाहून निर्णय घेतला तर इथेच फसगत होते. होंडा सीआर-व्हीला २०१४ पर्यंत परवानगी होती. २०१५ मध्ये सीव्हीटी हा पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि परवानगी गेली. २०१२ ते २०१४ च्या सीआर-व्हीला प्रत्येक प्रवासाआधी एक विधी आहे. इंजिन चालू करून ब्रेक दाबावा, लिव्हर सगळ्या जागांमधून फिरवावा, ‘डी’मध्ये पाच सेकंद धरावा, मग न्यूट्रलमध्ये आणावा, इंजिन तीन मिनिटे चालू ठेवावे आणि नंतर किल्ली अॅक्सेसरीवर ठेवावी. दिवसात आठ तासांहून जास्त ओढायची असेल तर हे पुन्हा करावे लागते. वेगाची मर्यादा ताशी ६५ मैल आहे. २०१४ पासूनच्या जीप चिरोकीला वेगळी अडचण आली. ओढताना विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बंद राहिले तर पुढची चाके जोरात थरथरतात. म्हणून कंपनीने ते स्टिअरिंग चालू ठेवणारे खास वायरिंग दिले. ती गाडी असेल तर ते वायरिंग वगळू नये.

वजनाच्या हिशेबात सर्वांत कमी क्षमतेचा भाग मर्यादा ठरवतो. मोटरहोमचा हिच, उंची जुळवणारा ड्रॉप, टो बार आणि बेसप्लेट या प्रत्येकावर क्षमता लिहिलेली असते, आणि त्यांतली सर्वांत लहान आपली मर्यादा. याशिवाय मोटरहोमच्या जोडवजनाची, म्हणजे मोटरहोम आणि मागची गाडी मिळून किती, याची वेगळी मर्यादा असते. फोर्ड ई-४५० चासीवरच्या क्लास सी (व्हॅनच्या चासीवर बांधलेल्या) मोटरहोमचे स्वतःचे कमाल वजन १४,५०० पौंड आणि जोडवजन २२,००० पौंड असते. फरक ७,५०० चा दिसतो. पण त्याच मोटरहोमच्या हिचवर ५,००० पौंडांची चिठ्ठी असली तर ५,००० हाच आकडा खरा. पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसे घेऊन मोटरहोम ट्रक स्टॉपच्या काट्यावर तोलावे. कागदावरचे रिकामे वजन या कामाला उपयोगाचे नाही.

आता प्लेट. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेमको ही या कामातली परिचित नावे. प्रत्येक प्लेट एका विशिष्ट गाडीसाठी, वर्षासाठी आणि बऱ्याचदा ट्रिमसाठीही (उपप्रकारासाठीही) बनवलेली असते. एकाच वर्षाच्या एकाच गाडीत अॅडॅप्टिव्ह क्रूझचे (पुढच्या गाडीनुसार वेग राखणाऱ्या यंत्रणेचे) रडार खालच्या जाळीमागे असेल तर प्लेटचा क्रमांक वेगळा असतो. आपोआप उघड-मीट होणाऱ्या जाळीच्या पट्ट्या असतील तर वेगळा, आणि कारखान्याचे टो हुक असतील तर आणखी वेगळा. मागवताना या तिन्ही गोष्टी गाडीसमोर उभे राहून पाहाव्यात, आठवणीवर सांगू नयेत. टो बार आणि प्लेट वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर मधला अॅडॉप्टर त्या जोडीसाठीच बनवलेला आणि पुरेशा क्षमतेचा घ्यावा. कान बसत नाहीत म्हणून छिद्र मोठे करणे किंवा हातातला भलताच पिन घालणे हा उपाय नाही.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार काढावी आणि मॅन्युअलमध्ये सांगितले आहे तितका वेळ थांबावे. एअरबॅगचे पुढच्या धक्क्याचे सेन्सर रेडिएटरच्या आधाराजवळ असतात. प्रज्वलन चालू ठेवून तिथे हातोडी चालवू नये, आणि सेन्सर काढावा लागला तर त्याच जागी, त्याच दिशेने, त्याच बोल्टाने परत बसवावा. गाडी जॅकवर नुसती उचलून खाली शिरू नये. खाली स्टँड लावावेत.

बंपरचे प्लास्टिक कव्हर काढणे वेळखाऊ आहे, अवघड नाही. वर रेडिएटरजवळ आणि खाली पोटाशी प्लास्टिकच्या क्लिपा असतात. चाकांच्या कमानीत दोन-चार स्क्रू असतात. त्यांतले काही ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे असतात, म्हणून टी-३० वगैरे बिट हाताशी ठेवावेत. क्लिपा जुन्या झाल्या की तुटतात, म्हणून पंधरा-वीस नव्या आणून ठेवाव्यात. कव्हर दोघांनी धरून पुढे ओढावे आणि पूर्ण निघण्याआधी थांबावे, कारण मागून फॉग लॅम्पच्या आणि बाहेरचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारा येतात. परत जोडायला विसरले तर पुष्कळ गाड्यांत बाहेरचे तापमान उणे ४० दिसते. तसे दिसले तर कव्हरमागचा प्लग निघालेला आहे असे समजावे. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला, हे कागदावर टिपून त्याच कागदाला चिकटवून ठेवावे.

कव्हरमागे फोम असतो आणि त्यामागे आडवा धातूचा बीम. काही प्लेटी बीमच्या मागे बसतात आणि बीम परत लावता येतो. काहींमध्ये प्लेटच बीमची जागा घेते, काहींमध्ये बीमची एक कड कापावी लागते. सूचनापत्रकात यांपैकी जे लिहिले असेल तेच करावे. बीम जुळत नाही म्हणून तो बाहेर ठेवून कव्हर लावणे अजिबात चालणार नाही, कारण टक्कर झाली तर धक्का पहिल्यांदा तोच शोषतो. फोम कापावा लागला तर प्लेटच्या हातांपुरताच कापावा.

प्लेट दोन्ही दांड्यांवर टेकवली की छिद्रे जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर आधी क्रमांक तपासावा, मग गाडीचा इतिहास. समोरून ठोकर खाऊन दुरुस्त झालेल्या गाडीत पुढचे दांडे किंचित वाकलेले राहतात आणि प्लेट एका बाजूला पाव इंच सरकते. अशा वेळी फाईलने छिद्र लांबट करण्याचा मोह होतो. करू नये. लांबट छिद्रातला बोल्ट पुढे-मागे सरकायला मोकळा होतो, आणि प्लेट सरकली की बाकी सगळे बोल्ट एकेक करून सैल होतात. दांडे सरळ करून घ्यावेत, ते शक्य नसेल तर ती गाडी या कामासाठी नको.

बऱ्याच गाड्यांत काही छिद्रे कारखान्याचीच असतात आणि काही नवी पाडावी लागतात. प्लेट शिकंज्यांनी घट्ट धरून तिच्याच छिद्रातून पंचने खूण करावी. पलीकडे ब्रेकची नळी, वायरिंगची जुडी किंवा एसीची नळी तर नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. मग आधी बारीक बिट, नंतर मध्यम आणि शेवटी पूर्ण मापाचा, असे क्रमाने, तेल टाकत, हळू वेगाने छिद्र पाडावे. पोकळ दांड्याच्या एका बाजूने घुसून दुसरीही भिंत त्याच झटक्यात पाडायला गेले की बिट तिरका जातो आणि पलीकडचे छिद्र खाली-वर पडते. दोन्ही बाजूंनी वेगवेगळे पाडावे. उघड्या पडलेल्या कडांना लगेच गंजरोधक रंग लावावा. मिशिगन किंवा न्यूयॉर्कसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हे टाळले तर गंज याच छिद्रांपासून सुरू होतो.

दांड्याच्या आतून बोल्ट आणायचा असेल तर किटमध्ये टोकाला वेटोळे असलेली तार येते. हे काम शांतपणे करावे. तारेचे वेटोळ्याचे टोक बोल्टच्या छिद्रातून आत घालून दांड्याच्या मोठ्या मोकळ्या भोकातून बाहेर आणावे आणि सरळ टोक बोल्टच्या छिद्राबाहेर हातात ठेवावे. वेटोळ्यावर आधी जाड चौकोनी ठोकळा ओवायचा, मग बोल्टचे आटे वेटोळ्यात फिरवून बसवायचे. ठोकळा आणि बोल्ट दोन्ही आत ढकलून सरळ टोक ओढले की बोल्टचे आटे छिद्रातून बाहेर येतात. तार सोडण्याआधी बोल्ट बोटांनी किंवा पक्कडीने आट्यांवर धरून ठेवावा, वेटोळे फिरवून काढावे आणि लगेच नट चढवावा. बोल्ट आत पडला तर तो चुंबकाने बाहेर काढण्यात अर्धा तास जातो आणि आत राहिला तर प्रवासभर खडखडतो.

पोकळ दांड्यातून आरपार जाणाऱ्या बोल्टसाठी किटमध्ये पोलादी नळीचे तुकडे येतात. नट आवळताना दांड्याच्या दोन भिंती एकमेकींकडे चेपल्या जाऊ नयेत, म्हणून हे तुकडे आत घालतात. ते घातले नाहीत तर पाना फिरत राहतो, पण टॉर्क (पिळण्याचा जोर) चढत नाही, आणि भिंत आत दबत जाते. असा दांडा पुन्हा सरळ होत नाही. पातळ पत्र्यावर मोठा जाड वॉशर किंवा मागची पट्टी दिली असेल तर तिच्या जागी साधा छोटा वॉशर टाकू नये.

आता बोल्ट. बोल्टाच्या डोक्यावर तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा रेषा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिक बोल्टावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले असते. किटमधला बोल्ट हरवला तर दुकानातून आणताना ही खूण जुळलीच पाहिजे. रेषा किंवा आकडा नसलेला बोल्ट इथे चालत नाही. अर्ध्या इंची, जाड आट्यांच्या ग्रेड ५ बोल्टाला कोरड्या आट्यांवर साधारण ७५ फूट-पौंड टॉर्क लागतो, ग्रेड ८ ला १०५ ते ११०. हे आकडे अंदाजासाठी दिले आहेत. प्रत्यक्षात किटच्या तक्त्यात त्या बोल्टासमोर जो आकडा असेल तोच टॉर्क रेंचवर लावावा. आट्यांना तेल असले तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे पुसून कोरडे करावेत. लाल थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा चिकट द्रव) स्वच्छ आट्यांवरच धरतो आणि पूर्ण पक्का व्हायला साधारण २४ तास घेतो. संध्याकाळी प्लेट बसवून पहाटे निघायचा बेत म्हणूनच करू नये.

नुसत्या हाताच्या अंदाजाने ‘घट्ट’ आवळलेला बोल्ट का चालत नाही, हे समजून घेतले पाहिजे. प्लेट दांड्यावर टिकते ती मुख्यतः बोल्टाने आणलेल्या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने. दाब पुरेसा असेल तर दोन्ही धातू एकमेकांवर सरकतच नाहीत आणि बोल्टावर आडवा भार फारसा येत नाही. दाब कमी झाला की प्लेट प्रत्येक ब्रेकला मागे आणि प्रत्येक वेगवाढीला पुढे केसभर सरकते, छिद्र रुंदावते, बोल्ट वाकण्याच्या भाराखाली येतो आणि शेवटी आट्याच्या खाचेत तडा जाऊन तुटतो. त्याचा आवाज कोणालाच येत नाही, कारण मागच्या गाडीत कोणी बसलेलेच नसते. प्लेटवरचा पावडर कोटिंगचा थर आणि चासीवरचा रंगही पहिल्या काही मैलांत दबतो आणि तेवढाच दाब कमी होतो. म्हणून पहिल्या ५०-१०० मैलांनंतर एकदा थांबून टॉर्क तपासावा. पुढे साधारण दर ३,००० मैलांनी टॉर्क पाहावा आणि वेल्डच्या कडेने तडे आहेत का तेही पाहावे. नटाच्या कडेपासून प्लेटवर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढली तर नट सरकला की ती तुटलेली दिसते. टॉर्क रेंच लावण्याआधीच कोणता नट हलला ते कळते.

लाल थ्रेडलॉकर लावलेल्या नटाला टॉर्क तपासताना एक काळजी घ्यावी लागते. रेंच ठरलेल्या आकड्याला टिचकी देऊन थांबला आणि नट हलला नाही तर ठीक. नट हलला तर थ्रेडलॉकरची पकड सुटली आहे, नुसते पुन्हा आवळून भागत नाही. तो बोल्ट काढून, आटे साफ करून, किंवा नवा बोल्ट घेऊन पुन्हा बसवावा.

कव्हर परत लावताना कानांसाठी कापावे लागते. थोडे कापा, लावून पाहा, पुन्हा थोडे कापा. उघड-मीट होणाऱ्या जाळीची पट्टी प्लेटच्या हाताला घासत असेल तर तिची मोटर अडकते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. म्हणून कव्हर बसवण्याआधी बॅटरी जोडून पट्ट्या पूर्ण उघडतात आणि मिटतात का ते पाहावे. रडार असेल तर त्याच्यासमोर धातू येता कामा नये, आणि ते हलवले असेल तर कॅलिब्रेशन करून घ्यावे.

यापुढचे भाग बाहेर दिसतात, म्हणून त्यांची काळजी लोक बरी घेतात. तरी चार गोष्टी महत्त्वाच्या. सुरक्षा केबल दोन असाव्यात, प्रत्येकीची क्षमता गाडीच्या वजनाइतकी असावी, आणि त्या टो बारखाली फुलीसारख्या ओलांडून जाव्यात, म्हणजे टो बार तुटला तरी तो रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत राहतो. मोटरहोमच्या बाजूला त्या हिच रिसीव्हरच्या कड्यांना अडकवाव्यात, ड्रॉपला नाही. गाडी सुटली तर तिचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे दोरीही मोटरहोमलाच बांधावी. ती टो बारला बांधली तर टो बार निखळून गाडीसोबत गेल्यावर दोरी ताणलीच जात नाही आणि ब्रेक लागत नाहीत. वळणावर ओढली जाणार नाही इतकी सैल आणि रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड, अशी तिची लांबी मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्हीकडे वळून ठरवावी.

मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांबरोबर लागले पाहिजेत. गाडीच्या स्वतःच्या तारांमध्ये जोड द्यायचा असेल तर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) हवेत, नाहीतर मोटरहोमचा प्रवाह उलट जाऊन गाडीच्या संगणकापर्यंत पोहोचतो. मागच्या गाडीच्या ब्रेकसाठी वेगळी यंत्रणा घ्यावी. अमेरिकेत अनेक राज्यांत ३,००० पौंडांवर ब्रेक बंधनकारक आहेत आणि काही ठिकाणी मर्यादा याहून कमी आहे. प्रवास अनेक राज्यांतून होत असल्याने, कुठल्या राज्यात चालेल याचा शोध घेत बसण्यापेक्षा ब्रेक लावूनच निघावे. किल्ली अॅक्सेसरीवर ठेवावी लागणाऱ्या गाडीची बॅटरी दिवसभरात उतरते, म्हणून मोटरहोमकडून फ्यूज घातलेली एक चार्जिंगची तार आणून ठेवावी.

टो बार शक्यतो पातळीत असावा. हिचची उंची आणि बेसप्लेटच्या कानांची उंची यांत तीन इंचांहून जास्त फरक असेल तर योग्य मापाचा ड्रॉप किंवा रायझर घ्यावा. फरक जास्त असला की ब्रेक लागताना गाडी टो बारवर चढू पाहते किंवा त्याच्याखाली घुसू पाहते, आणि तो भार थेट प्लेटच्या कानांवर येतो.

आणि मागे कधीही घेऊ नये. गाडी जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स केले की मागच्या गाडीची पुढची चाके स्वतःहून एका टोकाला वळतात आणि ती आडवी होते. तेव्हा टो बारचा हात वाकतो, नाहीतर प्लेटचा कान वाकतो. पेट्रोल पंपावर शिरण्याआधीच बाहेर पडायचा रस्ता दिसला पाहिजे. अडकलात तर पिना काढा, गाडी वेगळी करा, मग मागे घ्या. पिना निघत नसतील तर हातोडी मारण्याआधी मोटरहोम किंवा गाडी इंचभर हलवून हातांवरचा ताण कमी करावा.

शेवटी, वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी. अमेरिकेत ‘बेसप्लेट बसवलेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रँग्लर आणि सीआर-व्ही पुष्कळ असतात आणि ही जमेची बाजू म्हणून सांगितली जाते. विकणाऱ्याकडे त्या प्लेटचे सूचनापत्रक मागावे, प्लेटवरची क्रमांकाची चिठ्ठी वाचून घ्यावी आणि तो क्रमांक त्या वर्षाच्या, त्या ट्रिमच्या गाडीचाच आहे का हे कंपनीच्या यादीत पाहावे. कान एकमेकांच्या पातळीत आहेत का, पिनांची छिद्रे अजून गोल आहेत की अंडाकृती झाली आहेत, हे उकिडवे बसून दिसते. मात्र दांड्यावरचे बोल्ट तसे दिसत नाहीत. त्यासाठी कव्हर काढायलाच हवे, आणि खरेदीआधीच्या तपासणीत मेकॅनिककडून तेवढे करून घ्यावे. बोल्टांवर गंजाचे ओघळ असतील, नटाभोवती प्लेटचा रंग घासून चकचकीत धातू दिसत असेल, किंवा ठोकळ्याच्या जागी नुसते वॉशर असतील, तर ती प्लेट उतरवून नव्या बोल्टांनी पुन्हा बसवल्याशिवाय गाडी मोटरहोममागे लावू नये.

आपला,
एक वाचक
टुसान, ॲरिझोना